कातरलेल्या क्षणांचा खजिना

एका राज्यात, जिथे नदी डोंगर चढून जाई, तिथे निमिषनाथ नावाचा जादूगार आला आणि त्याने प्रत्येक तरुण हातात अभ्रकाचा एकेक तुकडा ठेवला. त्यात दहा निमिषं कुणी नाचे, दहा निमिषं कुणी घोड्यावरून दरी ओलांडे, मग दुसरं कुणी, मग तिसरं. सगळे सुंदर, सगळे अचूक. बघणाऱ्याच्या मनात ‘मी असा नाही’ आलं, की त्याचं अंग तसूभर पारदर्शक होई.

राजपुत्र सुकेतू अठरा वर्षांचा. अभ्रकातला निळ्या फेट्याचा स्वार पाहून त्याने आपला घोडाच रानात सोडून दिला. वैशाखात त्याच्या तळहातातून पलीकडची समई दिसू लागली. आषाढात सगळा सुकेतूच भिंतीवरच्या उन्हासारखा विरळ झाला. राजवैद्य म्हणाले, पौर्णिमेचा सूर्य मावळला की काही उरणार नाही. राणी गेल्याच वर्षी गेली होती. राजा बसल्या जागी बसून राहिला. थोरली राजकन्या मृगावती मात्र उठली, रानातून भावाचा घोडा हुडकून आणला आणि निमिषनाथाच्या डोंगराकडे निघाली.

डोंगराला तीन दारं. पहिल्या दारात हजार सुंदऱ्या तिच्याकडे बघून हसल्या. तिने त्यांना वाट विचारली. दहा निमिषांपलीकडचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या खजील होऊन बाजूला झाल्या. दुसऱ्या दाराने ‘आणखी एकच बघ’ म्हणत तिला दोन दिवस बसवून ठेवलं. तिचीही बोटं विरळ झाली. शेवटी घोड्याने पदर दातात धरून तिला ओढलं. तिसऱ्या दारावर पोलादी चोचीची साळुंकी होती.

“आत काय आहे?” मृगावतीने विचारलं.

“मी कातरलेलं. धन्याला जे दाखवायचं नाही, ते.”

आत क्षणांचा ढीग झगमगत होता. त्यात निळ्या फेट्याचा स्वार होता. तो पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. एकशे बारा वेळा पडला आणि चिखलात बसून रडला.

“हा खजिना मला दे.”

“तो शापित आहे, राजकन्ये. स्वतःचं काही अखंड दाखवशील, तर शाप सुटेल. पण चूक दिसली की माझी चोच चालते.”

पौर्णिमेचा सूर्य कड्याला टेकला होता. मृगावतीने आपलं अभ्रक समोर धरलं आणि आईची अंगाई म्हणू लागली. तिसरी ओळ तिला कधीच येत नसे. ती अडखळली, चोच खटकन मिटली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली; चोच पुन्हा मिटली. तिसऱ्यांदा अडल्यावर तिने डोळे पुसले आणि ती चुकत चुकत पुढे गेली. साळुंकीची चोच उघडीच राहिली. ती ऐकत होती.

दहावं निमिष सरलं. अकरावं आलं. अभ्रक तापलं, तडकलं आणि आतून ओळखीचा आवाज आला.

“ताई, तिसरी ओळ अशी नाही. आणि गळा किती घोगरा तुझा.”

“मग तू म्हण.”

तिकडे राजवाड्यात सुकेतू म्हणू लागला. शब्दागणिक त्याच्या अंगात रंग भरत गेला.

राज्यभरची अभ्रकं तडकली. कातरलेले क्षण थव्याने उडाले आणि ज्याच्या त्याच्या घरी उतरले. ढिगाच्या तळाशी निमिषनाथाचंही बोबडं बालपण सापडलं. ते उराशी धरून तो निघून गेला.

मृगावती घोडा घेऊन परतली त्या सकाळी भर अंगणात सुकेतूने त्याच्यावर मांड टाकली आणि सगळ्यांदेखत तो पडला. वर्षभरात राजा पहिल्यांदा हसला.

सुकेतूने गुडघे झटकले. “एक,” तो म्हणाला आणि पुन्हा रिकिबीत पाय घातला.