न्हाणीमागचा कोपरा

"मग लावू तरी काय तिथं, माई?"

केरबाने मोगऱ्याचं रोप येसूमाईंच्या पुढ्यात टाकलं. त्याची मुळं काळी पडून कुजली होती.

येसूमाई मठाच्या ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी रोपाकडे पाहिलं, मग बांधून खांबाशी ठेवलेल्या गाठोड्याकडे. गाठोडं केरबाचं होतं.

"आज दसरा, माई."

"हो की."

गुढीपाडव्याला केरबा या घाटातल्या मठात आला तो माईंचा अनुग्रह घ्यायला. आल्या आल्या न्हाणीमागचा कोपरा त्याच्या डोळ्यांत खुपला. चार हात जागा, वर फणसाची गच्च सावली, मागे पाझरणारा कडा, आणि त्यात न्हाणीचं पाणी. त्याने लगेच खुरपं उचललं. माई म्हणाल्या, "राहू दे." आता 'राहू दे' तर त्या पाया पडणाऱ्यालाही म्हणायच्या. केरबाला वाटलं, भिडेपोटी म्हणताहेत. सगळ्यांदेखत तो बोलून बसला, "दसऱ्यापर्यंत हा कोपरा हिरवा केला नाही, तर अनुग्रह न घेता चालता होईन. आमच्या मळ्यात माझ्या हातची वाळकी काडीसुद्धा फुटते!"

इथे मात्र त्या हाताचं यश कुठे गेलं कोण जाणे. गुलाबाची पानं डाग पडून गळाली. शेवंती नुसतीच लांबत गेली, कळी म्हणून धरली नाही. आता मोगराही गेला.

"माती बदलली. शेणखत घातलं. फणसाच्या फांद्या उतरवू म्हटलं, तर तुम्ही कोयता लपवून ठेवलात." केरबाचा आवाज चढला. "मी इथनं जावं असंच होतं का तुमच्या मनात?"

माई खडे वेचत राहिल्या.

केरबाला रडू फुटेलसं वाटलं, आणि त्या रडण्याचाच राग आला. तो मनगटं कराकरा खाजवू लागला.

"हाताला काय झालं रे?"

"अळू. उपटतोय न्हवं... खाजतंय."

"कधी उपटलंस?"

"रोजच की. अळू, नेचे, ती रानहळद... आज काढावं, उद्या परत हजर. मेलं हटतच न्हाई! जरा पाठ फिरवली की सगळा कोपरा हिरवागा..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला.

केरबाने हळूच वळून पाहिलं. ओसरीवरून तो कोपरा दिसायचा. काल खरवडून काढलेल्या काळ्या मातीतून अळवाच्या पानाची एक सुरळी वर आली होती.

"माई... तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले होते."

"कधी?"

"खुरपं उचललंस तेव्हा."

केरबाला मान वर करवेना. इथून जावंसं वाटत नव्हतं. पण शब्द सगळ्यांदेखत दिलेला, तो गिळून इथे राहायचं कोणत्या तोंडाने?

तो वाकला. माईंच्या पायांवर डोकं टेकलं.

या खेपेला माई काहीच म्हणाल्या नाहीत.

तो उठला, गाठोडं खांद्यावर घेतलं आणि एक पायरी उतरला. दुसऱ्या पायरीवर पाय टाकणार, तोच मागून गाठोडं ओढल्यासारखं झालं. सूप बाजूला सारून माईंनी त्याची गाठ मुठीत धरली होती.

"राहू दे."