मीठ आणायला गेलेला माणूस

“एकूण किती गोष्टी येतात तुम्हाला?”

“या मुलखात माझ्याइतक्या कुणालाच येत नाहीत.” लालगीर बुवांनी मिशीवरून हात फिरवला. मग उकडलेली तुरीची शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. “म्हणजे तीन येतात. त्यातली एक उसनी आहे, अन् एकीचा शेवट मी विसरलोय.”

जयवंत खळीकर सर हसले. पाहुण्यानं मठात बसून हसावं, तेवढंच.

सर जिल्ह्याच्या गावी कथालेखनाचे वर्ग चालवत. जगातल्या सगळ्या गोष्टी सहा प्रकारांत बसतात, असं ते पहिल्याच तासाला सांगत. त्या सहा प्रकारांचं त्यांनी कार्ड छापून घेतलं होतं. वर प्लॅस्टिक चढवलेलं. चहा सांडला तरी कथा कोरडी राहावी म्हणून.

त्यांच्या दोन विद्यार्थिनींच्या कथा दिवाळी अंकांत छापून आल्या.

सरांच्या स्वतःच्या नऊ कथा परत आल्या.

नवव्या कथेसोबत संपादकांची चिठ्ठी होती. ‘रचना बिनचूक. तिसऱ्या पानावर चहा ठेवायला उठलो, तो परत वाचायला बसलोच नाही. पुढची पाठवण्याआधी बारवेजवळच्या मठात जाऊन या. तिथं एक म्हातारा आहे.’

म्हणून सर आले होते. आज काही हाती लागलं नाही, तर पुढची कथा लिहायचीच नाही, असं मनाशी ठरवून आले होते. वर्ग चालवायचे, कार्ड वाटायचं, बास. परतीची एसटी चारला होती.

“तर मास्तर, दुखणं काय तुमचं?”

“माझ्या कथेत दोष सापडत नाही.”

“अरारारा...” बुवांनी मान हलवली. “लई वाईट दुखणं.”

सरांनी कार्ड पुढं केलं. बुवांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, मग उलटं करून प्लॅस्टिकवर टिचकी मारली.

“अक्षर झकास आहे.”

“छापील आहे ते.”

“तरीच. वाचा तुम्हीच. मी तिसरीत तीन वर्षं होतो. चौथ्या वर्षी मास्तरांनीच बदली मागून घेतली.”

सरांनी घसा साफ केला. “पहिला प्रकार, शोध. दुसरा, निघाला आणि परतला. तिसरा, लहानाचा मोठा झाला. चौथा, मोठ्याचा अधःपात. पाचवा, संकटाशी झुंज. सहावा, माणूस बदलला.”

“सातवा?”

“नाही. सातवा नसतोच.”

“मोठी सोय झाली.” बुवांनी कार्ड मांडीखाली सारलं. “आता गोष्ट ऐका. पण आमच्यात एक रीत आहे. मी थांबलो की तुम्ही ‘हं’ म्हणायचं. हुंकार आला तर गोष्ट चालते. नाही आला तर जागीच बसते. मग मी किती हाका मारल्या तरी उठत नाही ती.”

“हे ठाऊक आहे मला. लोकपरंपरेत...”

“परंपरेचं राहू द्या. ‘हं’ म्हणता येतं ना?”

“येतं.”

“म्हणून दाखवा.”

“हं.”

“वा! शिकलेला माणूस.”

बुवा सावरून बसले.

“एक परीट होता. त्याचं गाढव हरवलं. घाटावर नाही, उकिरड्यावर नाही. भर उन्हात परीट डोईवर फडकं टाकून निघाला...”

“पहिला प्रकार,” सर म्हणाले. “शोध.”

बुवांनी शेंग उचलली. सोलली. खाल्ली. दुसरी उचलली.

“बरोबर ना?”

“अगदी बरोबर.”

“मग सांगा ना पुढे.”

“कशाला? तुम्ही तर जाऊन पोचलात. त्या गरिबाला मी उगा उन्हात कशाला हिंडवू?”

सरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“दुसरी ऐका. एक पाटील होता. मिशा अशा, की पंगतीत त्यांच्यासाठी वेगळं पान मांडावं लागे. त्याच्या वाटेवर कुणी खोकतसुद्धा नव्हतं. एक दिवस पाटील दाढीला बसला. वस्तरा मिशीच्या टोकाशी आला, अन् नेमकी त्या न्हाव्याला आली शिंक...”

सरांनी ओठ दाबून धरले. जीभ दाताखाली धरली. तरी निसटलंच.

“चौथा. मोठ्याचा अधःपात.”

“पडला बिचारा,” बुवा हात झटकत म्हणाले. “अजून शिंक आली नव्हती, तोवर पडला.”

“सवयच लागलीय हो!” सर एकदम बोलले. “कुणी काही सांगायला लागलं की मला आधी साचा दिसतो. वर्गात, बसमध्ये, लग्नात. घरी बायको काही सांगायला लागली तरी...”

“तरी काय?”

“...ती आता सांगत नाही.”

बुवांचा हात शेंगेवर थांबला. सर आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काही चेष्टा केली नाही.

बारवेत एक पारवा घुमला. गप्प झाला.

“तिसरी ऐका,” बुवा म्हणाले. “एक कल्हईवाला होता. बायकोनं चुलीवर आमटी ठेवली अन् म्हणाली, अहो, मीठ संपलंय. हा म्हणाला, आत्ता आणतो. पायात चपला सरकवल्या अन् गेला...”

“हं.”

“तो बारा वर्षं आलाच नाही.”

“हं?”

“कुठं गेला, काय केलं, ते मला त्यानं सांगितलं नाही. अन् मी विचारलं नाही. बारा वर्षांनी कुठल्याशा बाजारात समोर मिठाची रास दिसली, अन् हा कपाळाला हात लावून म्हणाला, अरे, आमटी!”

सरांचा हुंकार हसण्यात बुडाला. पण आला.

“पुडी बांधून घेतली. चालत निघाला. गाव तेच. गल्ली तीच. दारापुढं ताजं सडासारवण. दार लोटलेलं. आतून आमटीचा वास...”

“हं.”

“काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं त्यानं. पाया पडू, रडू, चार शिव्या खाऊ. कडीला हात घातला, तोच आतून बायकोचा आवाज. अहो, मीठ आणलंत का?”

तिकडं फाट्यावर एसटीनं हॉर्न दिला. सरांच्या हातात एक शेंग होती. सोलायची राहून गेली होती.

“...हं.”

“बारा वर्षांनी तोच प्रश्न! जीव भांड्यात पडला याचा. हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात...”

बुवा थांबले.

सर पुढं सरकले. इतके, की गुडघा शेंगांच्या टोपलीला लागला. हुंकार आला तो अगदी बारीक. लहान मुलाचा असतो तसा.

“तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला. आणलं, म्हणाला.”

“हं...”

“अन् मास्तर, तो आवाज याचाच होता.”

फाट्यावर दुसरा हॉर्न झाला. मग गिअर बदलल्याचा आवाज. मग नुसती धूळ.

“याचाच म्हणजे?”

“याचाच. बोलायच्या आधी घसा खाकरायची सवयसुद्धा तीच. यानं हातातली पुडी बघितली. दार बघितलं. कडी सोडली, श्वास धरला, अन् फटीला डोळा लावला...”

“हं.”

बुवांनी शेंग घेतली. शिरेवरून नख फिरवलं. सावकाश उघडली.

“हं,” सर म्हणाले.

दाणे एकेक करून तोंडात गेले.

“हं! बुवा, हं म्हणतोय मी!”

“ऐकू येतंय की.”

“मग? काय दिसलं त्याला?”

बुवांनी टरफल मागं भिरकावलं.

“बुवा... शेवट विसरलात ती हीच गोष्ट नव्हे ना?”

म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले. त्यांनी मांडीखाली हात घातला आणि कार्ड काढलं. कोनाड्यातला चष्मा घेतला, त्याची दोरी कानामागं अडकवली, आणि अक्षराला अक्षर जोडत कार्डावरून बोट खाली नेऊ लागले.

“ते कार्ड राहू द्या हो!” सरांनी त्यांचा हातच धरला. “आत कोण होतं? तिनं दार उघडलं का? सांगा ना, पुढे काय झालं?”

बुवांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“दुसरा प्रकार,” ते म्हणाले. “निघाला अन् परतला.”