रांगेतला तिसरा माणूस

“पण यात उणं काय आहे, तेवढं तरी सांगा!”

वॉल्टरला कौतुक ऐकायचं होतं, आणि म्हातारे सेडलाक फोटोवरून नजरच हलवत नव्हते.

अमेरिकेतल्या मंदीचं चौथं वर्ष. क्लीव्हलँडचे कारखाने बंद पडलेले आणि चर्चच्या दाराशी रोज दुपारी फुकट सूप-पावाची रांग. त्या रांगेतल्या बारा जणांचा हा फोटो. आजच्या टपालाने न्यूयॉर्कच्या मासिकाकडे गेला, की वॉल्टरची नोकरी पक्की. त्याला कॅमेरा धरायला शिकवलं ते सेडलाक यांनीच, त्यांच्या याच स्टुडिओत.

“उणं काहीच नाही,” ते म्हणाले. “माझ्या हातून असा निघाला नसता.”

वॉल्टरची छाती फुगली. “आणि एकालाही पत्ता लागला नाही! लेन्सपुढे आरसा बसवलाय. मी बघतो रस्त्याकडे, फोटो निघतो बाजूचा.”

“हा तिसरा कोण?”

“असेल कुणी बेकार. खांदे बघा ना, कसे पडलेत! मला तोच सगळ्यात आवडला.”

सेडलाक उठले. खुंटीवरची हॅट भुवयांपर्यंत ओढली, कोटाची कॉलर वर केली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

वॉल्टरने भिंतीकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं...

“तुम्ही? कधी बोलला नाहीत...”

“स्टुडिओत गिऱ्हाईक येऊन वर्ष झालं. माझ्या मागे उभा आहे, तो चौथा बघ. माझे गुडघे दुखतात म्हणून रोज मला पुढे घेतो. सूप संपत आलेलं असतं, तरी घेतो. चाळीस वर्षांत इतका मोठा माणूस माझ्या कॅमेऱ्यासमोर बसला नाही.”

वॉल्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फोटो फाडणार, तोच म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. ही गोष्ट सांगताना मला तर या म्हाताऱ्याला हात जोडावेसे वाटतात.

“फाडू नकोस. पाठव.”

“सगळा देश बघेल तुम्हाला!”

“बघू दे. खाली माझं नाव लिही.”

वॉल्टरने लिहिलं.

“आता उरलेली अकरा नावं विचारून ये.”

“आजचं टपाल चुकेल... नोकरी गेली तर?”

सेडलाक दाराकडे निघाले.

वॉल्टरने फोटो टपालाच्या पाकिटात न घालता खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, “पण मी त्यांच्यापुढे जाऊ कोणत्या तोंडाने?”

सेडलाक यांनी दार उघडलं.

“चल, ओळख करून देतो. मलाही रांगेतच जायचंय.”