कधीच न लावलेला हीटर

एकदा एका घरात एक वाक्य बोलले गेले, आणि ज्या व्यक्तीविषयी ते होते नेमके तिनेच ते ऐकले.

"वन्सं, आता घरात एसी बसवायची गरजच उरली नाही. सून आणलीय ना!"

बोलणाऱ्या माझ्या सासूबाई होत्या. वन्सं म्हणजे त्यांच्या नणंदबाई, माझ्या नवऱ्याच्या आत्या. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन येतो आणि भाजी निवडता निवडता तो स्पीकरवर चालतो. मी गच्चीवरून वाळलेल्या कुरडयांची पाटी घेऊन उतरत होते, ती जिन्यातच थांबले. फोनमधून हसण्याचा मोठा आवाज आला. वाक्य जमले होते खरे. ते मलाही मान्य करावे लागले. फोन संपेपर्यंत मी पाटी घेऊन तशीच उभी राहिले. हात भरून आले, पण कुरडई एकही मोडली नाही.

सासूबाई वाईट नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी त्यांना स्वयंपाकघरात सांगितले होते की माझ्या वडिलांना हल्ली कमी ऐकू येते, फोनवर ते नुसते 'बरं, बरं' म्हणत राहतात, आणि मग मला रडू येते. त्यांनी आपल्या पदराने माझे डोळे पुसले. पुढच्या आठवड्यात एका बारशात एक अनोळखी बाई मला म्हणाल्या, "तूच ना ती, वडील बहिरे असलेली? अजून रडतेस का गं?" पुढे एकदा मी नवऱ्याला खोलीत म्हणाले की इकडचे तिखट मला सोसत नाही. सकाळच्या चहापर्यंत ते सासूबाईंकडे पोहोचले आणि सातनंतर वन्संकडे. तेव्हापासून मी बोलणे आवरते घेतले.

मी गप्प झाले, सगळ्यांना थंड वाटू लागले, तशी माझ्यासाठी साडी आली. मग दर रविवारी श्रीखंड येऊ लागले. मग पाहुण्यांसमोर 'आम्ही हिला मुलीसारखीच मानतो' हे वाक्य येऊ लागले. या सगळ्याला हसून उत्तर द्यायचे, याचाही थकवा येतो. तो कुणाला सांगणार? अक्षय्यतृतीयेला मी माहेरी जायचे ठरले होते. बॅग भरून कपाटाशी ठेवली होती. परतीचा दिवस मी कुणाला सांगितला नव्हता, कारण तो मलाच ठरवता येत नव्हता.

त्याच दिवसांत आमच्या दारात एक लाल गाडी दुसऱ्यांदा येऊन उभी राहिली.

माझा नवरा उन्मेष गाड्यांच्या एसीची कामे करतो. घरापुढच्या अंगणातच त्याची शेड आहे. गाडी होती बेदाण्याचे व्यापारी मगदूम शेठ यांची. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, वीसेक वर्षे जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. शेठ तिच्यातून बाहेर पडत तेव्हा विहिरीतून वर येत असल्यासारखे दिसत.

"उन्मेष, गार वारा येतो का म्हणशील, तर येतो," ते घाम पुसत म्हणाले. "पण कसा? ओल्या फडक्यानं वारा घातल्यासारखा. आमची मंडळी म्हणतात, ह्यात बसण्यापरास बेदाण्याच्या शेडवर बसलेलं बरं. आयुष्यभर ट्रकांत हिंडलो रे. म्हटलं, उतारवयात दोघंच जाऊ कुठंतरी. तर ती बसायलाच तयार नाही."

पहिल्या खेपेला उन्मेषने गॅस भरला होता, पुढची जाळी धुतली होती, आतला फिल्टर बदलला होता. मीटरचे काटे जिथे असायला हवेत तिथे होते. आता त्याने काँप्रेसर बदलला आणि गॅस थोडा जास्तच भरला. गाडी पहिल्यापेक्षा कमी गार झाली. भर दुपारी तो शेडच्या पायरीवर बसला. शर्ट पाठीला चिकटलेला.

"आता आणखी काय घालू हिच्यात?" तो म्हणाला.

हे वाक्य मला ओळखीचे वाटले. असेच काहीसे सासूबाई माझ्याविषयी म्हणत असत.

अखेर त्याने आपल्या गुरूंना फोन केला. तारळेकर सर आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. निम्म्या जिल्ह्याचे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले. रिक्षातून उतरून ते आधी खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून घेतले.

"दमलो रे. आधी पाणी, मग तुझी गाडी."

पाणी पिऊन झाल्यावर उन्मेष उत्साहाने मीटर लावू लागला. सर म्हणाले, "ते राहू दे. एसी बंद कर."

"सर, एसीचीच तक्रार आहे."

"ऐकलं मी. एसी बंद कर. इंजिन चांगलं तापू दे. गरम-गारचं बटण पार गारवर ठेव, आणि नुसता पंखा लाव."

शेठ उन्मेषकडे पाहू लागले. भर उन्हात गार न होणाऱ्या गाडीचा एसी बंद करून हे काय तपासणार, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. थोड्या वेळाने सरांनी मला हाक मारली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"सूनबाई, ट्रे ठेवा तो. इथं जाळीपुढं हात धरा बरं. मला सांगा, कसा वारा आहे?"

"गरम."

"बाहेरच्या वाऱ्याइतकाच?"

मी एक हात जाळीपुढे आणि एक हात दाराबाहेर धरला. या घरात मला काय जाणवते ते कुणीतरी विचारत होते, आणि उत्तरासाठी थांबलेही होते. मी नीट वेळ घेतला.

"नाही सर. बाहेरच्यापेक्षा जास्त गरम."

"बोलली बघा आमची सून!" दारातून सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

सरांनी बॉनेट उघडायला लावले. इंजिनाकडून गाडीच्या आत जाणाऱ्या एका रबरी नळीवर फडके गुंडाळून त्यांनी ती चिमट्याने घट्ट दाबली. उन्मेषने भरलेला जास्तीचा गॅस मशीन लावून काढायला सांगितले. तेवढ्यात मी चहा पुन्हा गरम करून आणला. मग सर म्हणाले, "आता लाव एसी."

शेठ आत बसले. त्यांनी जाळीपुढे हात धरला, मग तोंड नेले, मग काच वर केली आणि बाहेरच येईनात.

"अहो शेठ, चहा!" उन्मेष म्हणाला.

आतून नुसता हात हलला.

"सर, तुम्ही केलंत काय?" उन्मेषने विचारले.

"गाडीत हीटर असतो," सर म्हणाले. "इंजिनाचं गरम पाणी त्या डॅशबोर्डमागच्या जाळीतून फिरवतात. गारवर बटण ठेवलं की एक झडप मिटते आणि ते पाणी थांबतं. हिची झडप अर्धी उघडी अडकलीय."

"पण हीटर तर कुणी लावलेलाच नाही!"

"म्हणूनच. आपल्याकडं हीटर कोण लावतो? त्यामुळं गाडीला हीटर आहे हेच सगळे विसरलेत. लावला नाही म्हणजे तो बंद आहे, असं कुठं असतं? तक्रार गारव्याची आली, म्हणून तू गारवाच तपासत बसलास. तुझा एसी चांगला आहे रे. बिचारा वारा गार करतो, आणि पुढच्याच वळणावर तो तापवला जातो. तू वर आणखी गॅस ओतलास. तो जास्त झाला तर गारवा उलट घटतो, हे मीच तुला शिकवलं होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. त्यांना बोलण्याचाही थकवा आला असावा. "किती कमी पडतंय ते सगळे मोजतात. तापतंय कुठून, ते आधी बघावं. आणि हा चिमटा म्हणजे इलाज नव्हे. झडप बदल."

उन्मेष खाली बघत म्हणाला, "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"अरे, कुणी मुद्दाम उघडी ठेवलेली नाही ती. त्यात एवढं वाईट काय वाटून घ्यायचं?"

सासूबाई दारात ऐकत उभ्या होत्या. "देवा, एवढीशी झडप!" असे म्हणून त्या आत पुऱ्या तळायला गेल्या. शेठ गेले, पण सरांना जेवूनच जायचा आग्रह झाला.

पंगतीला सर, उन्मेष आणि मी. सासूबाई वाढत होत्या. मी नको म्हणण्याआधी माझ्या ताटात श्रीखंडाचा दुसरा डाव पडला. "खा गं. तुझ्यासाठीच केलंय." त्यांचा हात मायेचाच होता. मी त्या हाताकडे पाहत होते, आणि तेवढ्यात सात वाजले.

फोन वाजला. त्यांनी सवयीने स्पीकर लावून तो फडताळावर टेकवला.

"वन्सं, आज काय गंमत झाली! आमचा एसी बोलला!"

म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की मी समोर आहे. डाव श्रीखंडाच्या भांड्यात तसाच राहिला. उन्मेषने मान इतकी खाली घातली की त्यानेही तो विनोद आधी ऐकलेला आहे, हे मला कळले. सर पुरीचा तुकडा मोडत राहिले.

फडताळावरून आत्यांचा हसरा आवाज आला, "बोलला? अगंबाई! काय बोलला, सांग की!"

मी उठून खोलीत जाऊ शकले असते. बॅग तिथेच होती. पण दुपारपासून माझ्या तळव्यावर तो गरम वारा राहून गेला होता, आणि त्या बिचाऱ्या एसीविषयी मला फार वाईट वाटत होते. मी ताट थोडे पुढे सरकवले आणि फोनपर्यंत पोहोचेल इतक्या आवाजात म्हणाले,

"आई, श्रीखंड पुरे. तुमच्या मायेत काही कमी नाही, आणखी काही घालू नका. आत्या, तुम्हीही ऐका. मी या घरात जे बोलते ते या फोनवर जाऊ नये, आणि खोलीत बोलते ते चहाला येऊ नये. तेवढं बंद करा. म्हणजे माहेराहून मी कधी परत येणार, ते आत्ताच सांगते."