कोणीच न बोललेले वाक्य

समुद्राकाठच्या एका निरीक्षण केंद्रात एकदा एक वृद्ध गणिती राहत असत. सगळे त्यांना आचार्य म्हणत. खोल समुद्रात गेलेल्या संशोधन नौकांचे संदेश उतरवून घेण्याची पद्धत त्यांनीच बसवली होती. नौकेवरून ठरावीक वाक्यांपैकी एक निवडायचे. प्रत्येक वाक्याचे एक सूत्र असे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजता मोजता पुन्हा शून्यावर येणाऱ्या मर्यादित संख्यांच्या जगात आचार्यांनी एक पृष्ठभाग रचला होता. त्याच्या प्रत्येक बिंदूवर सूत्राची जी किंमत येई, ती पाठवली जाई. वाटेत काही किमती बिघडल्या, तरी यंत्र सर्वांत जवळचे सूत्र शोधून वाक्य पुरे करी.

एके दुपारी समुद्रावर दाट धुके उतरले. आचार्यांची शिष्या शाल्मली यंत्रापुढे बसली होती. त्या दिवशी समुद्रात असलेल्या नौकेवर तिचा धाकटा भाऊ होता. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग पडद्यावर अक्षरे उमटली: 'सर्व शांत आहे. कोणी येऊ नये.'

तिचा जीव भांड्यात पडला. आचार्यांनी मात्र वाक्य वाचले, यंत्राने किती किमती बदलल्या हे दाखवणारा खालचा आकडा पाहिला आणि सारे पुसून टाकले.

"आचार्य! माझ्या भावाचा निरोप होता तो!"

"नव्हता."

"मग कोणाचा?"

"कोणाचाच नाही."

कोऱ्या पडद्यावर ते वाक्य शाल्मलीला अजून दिसत होते.

आचार्य शांतपणे म्हणाले, "दोन वेगळी सूत्रे त्या पृष्ठभागावर एखाद्या वक्ररेषेपुरती जुळतात, बाकी सर्वत्र वेगळी असतात. म्हणून थोडे बिघडले तर खरे वाक्यच जवळचे ठरते. फार बिघडले, की आपण वाहत वाहत दुसऱ्याच वाक्यापाशी पोचतो. यंत्राला ते कळत नाही. आज त्याने निम्म्याच्या आसपास किमती बदलल्या आहेत, पोरी. हे वाक्य त्याने ऐकलेले नाही, घडवलेले आहे. बचावनौका तयार ठेवायला सांग, आणि संदेश पुन्हा मागव."

तिने मागवला. पडद्यावर आले: 'आम्ही परत निघालो आहोत.' तेही तितकेच नितळ, तितकेच खात्रीचे. आकडा पाहून या वेळी तिनेच ते पुसले.

मग खरखर ओसरली. यंत्राला फारसे काही बदलावे लागले नाही. 'नौकेत पाणी शिरले आहे. लवकर या.'

बचावनौका तत्काळ सुटली. संध्याकाळी भाऊ ओलाचिंब होऊन धक्क्यावर उतरला, तेव्हा शाल्मलीने त्याला विचारले, "येऊ नका, असं तुमच्यापैकी कोणी कळवलं होतं?"

"वेडी आहेस का, ताई? आम्ही सारखं एकच वाक्य पाठवत होतो."

धुक्यातून आलेला, कोणाचाच नसलेला तो निरोप आपण आनंदाने खरा मानला होता, हे तिला उमगले.

उत्तर फार स्वच्छ दिसले, तर ते स्वच्छ करताना किती बदलावे लागले, हे आधी विचारावे.