म्हातारी नदीकाठी बसली

“शेवट आधीच कळत असला बुवा, तर माणसानं गोडी धरायची कशात?”

हा प्रश्न मिरीकरांचा. ते शहरातून आले होते. पुस्तकं, गाणी, सिनेमे, टीव्हीवरच्या मालिका, यांतलं काय चांगलं आणि काय टाकाऊ, ते दर रविवारी पेपरात लिहीत. मला वाचता येत नाही, पण त्यांचं नाव कानावर होतं.

रुपनाथबुवा मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत होते. मी समोर बसून चिंचोके काढत होतो. चाळीस वर्षं मी या मठात आहे. उन्हाळ्यातल्या आमच्या दुपारी अशाच जातात.

बुवांनी आणखी एक चिंच फोडली. मग मिरीकरच बोलत राहिले. पहिल्या दहा पानांत पुस्तक कुठं जाणार ते त्यांना समजतं. सिनेमात खून कुणी केला, ते मध्यंतराच्या पुष्कळ आधी. गवई तान कुठं सोडणार, तेही. चारपाच वर्षं झाली, कशानं हसू नाही, कशानं डोळ्यांत पाणी नाही. पूर्वी संध्याकाळी बायकोजवळ बसून मालिका बघायचे. आता ते खोलीत आले की ती टीव्ही बंद करते. सिनेमाला शेजारणीबरोबर जाते.

“काय म्हणते ती?” बुवांनी विचारलं.

“म्हणते, चौकात पोपट घेऊन बसा, भविष्य सांगायला.”

बुवा थोडे हसले. मिरीकर हसले नाहीत. खाली बघून म्हणाले, “बुवा, ती माझ्याजवळ बसत नाही आता. तेवढं परत यावं.”

...

बुवा मला म्हणाले, “लिंबाजी, लाडवांच्या म्हातारीची गोष्ट सांग.” आणि मिरीकरांना म्हणाले, “तू हुंकार दे.”

आमच्याकडं गोष्ट सांगणारा एक आणि ‘हूं’ म्हणणारा एक लागतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची. तशी रीतच आहे.

मी सुरू केलं. एक म्हातारी होती. नदीपल्याड तिच्या लेकीचं गाव.

“हूं.”

म्हातारीनं फडक्यात लाडू बांधले आणि निघाली.

“नदीला पूर आला असणार,” मिरीकर म्हणाले.

पूर होताच. मी थांबलो. बुवांनी मान हलवली, तसं पुढं सांगितलं. म्हातारी काठाशी आली. पाण्यात मासे होते.

“लाडू माशांना टाकते. मासे तिला पाठीवरून पल्याड नेतात.”

तेही बरोबर होतं. माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी एक चिंचोका उगाच दोनदा पुसला.

चिंचेवर माश्या घोंगावत होत्या...

बुवांनी हात पुसले. “लिंबाजी, पहिल्यापासून सांग. हुंकार मी देतो.”

मी पुन्हा सुरू केलं. एक म्हातारी होती.

“हूं.”

नदीपल्याड तिच्या लेकीचं गाव.

“हूं.” हा दुसरा हुंकार जरा हळू आला. मग मीही हळू झालो. म्हातारीनं लाडू बांधले, ते फडकं कसलं, तर लेकीच्याच जुन्या परकराचं. हे मी आधी कधी सांगितलं नव्हतं. ती काठाशी आली. पाणी तांबडं, लाकडं वाहताहेत.

बुवांचा हात चिंचेवर तसाच राहिला. “मग?” त्यांनी विचारलं. म्हातारी खरंच तिथं उभी असावी, असं.

मीही पाण्याकडं बघितलं.

त्या दिवशी म्हातारीनं लाडू टाकले नाहीत. का, ते मला माहीत नाही. ती काठावर बसली. पाणी उतरेना. तिनं एक लाडू फोडला, अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिनं परत फडक्यात बांधला.

“हूं,” बुवा म्हणाले.

त्यापुढं मला सुचलं नाही.

मिरीकर माझ्याकडं वळले. “ही गोष्ट नेहमी अशीच असते?”

नाही म्हटलं. नेहमी मासे असतात.

“बुवांनी ही किती वेळा ऐकली असेल?”

“त्यांचीच आहे,” मी सांगितलं. “मी मठात आलो तेव्हा त्यांनीच मला सांगितली.”

मिरीकरांनी खिशातून पेन काढलं होतं, ते परत ठेवलं. बराच वेळ ते चिंचोक्यांच्या ढिगाकडं बघत बसले. ऊन ओट्याच्या पायरीवरून खाली उतरलं.

“बुवा,” ते म्हणाले, “पुढं म्हातारीचं काय झालं? पोचली ती लेकीकडं?”

बुवांनी फोडलेल्या चिंचेचा एक गोळा त्यांच्या हातावर ठेवला.

“घरी जा. बायकोला विचार. हुंकार तू दे.”

“तिला ही गोष्ट ठाऊक नाही, बुवा.”

बुवांनी पुढची चिंच हातात घेतली.

“ठाऊक नाही ना? मग ती नीट सांगेल.”