सशाचे तीन उन्हाळे

एका जंगलात एक अस्वल राहत असे, आणि त्याच्या नाकावर साऱ्या जंगलाचा भरवसा होता. मुलांनो, त्या जंगलात दर उन्हाळ्यात तळ्याभोवती धावण्याची शर्यत होई. शर्यत संपली की जिंकणाऱ्याने अस्वलापुढे येऊन आ करायचा आणि अस्वलाने त्याचे तोंड हुंगायचे, अशी तिथली रीत होती. त्याला कारणही तसेच होते. त्या जंगलात तरतरीमूळ उगवे. ते चघळले की पायांत वारे भरे, पण पुढे तेच मूळ काळीज पोखरून टाकी. चार उमदी हरणे त्यापायी धावता धावता कोसळली, तेव्हापासून पंचायतीने ते खाऊन धावायला मनाई केली होती. मुळाचा वास हिंगासारखा उग्र. तो अस्वलापासून लपत नसे, आणि अस्वल कधी खोटे बोलत नसे.

एका उन्हाळ्यात एका लहानशा सशाने भल्याभल्यांना मागे टाकून शर्यत जिंकली. आनंदाने धापा टाकत तो अस्वलासमोर उभा राहिला. अस्वलाने हुंगले मात्र, आणि त्याचा चेहरा उतरला. हा कष्टाळू ससा त्याचा लाडका होता. तरीही ते उंच खडकावर चढले आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असे ओरडले, "सशाच्या तोंडाला मुळाचा वास आहे!"

"अस्वलकाका, आईशपथ, मी ते मूळ तोंडात घातलेलं नाही," ससा रडवेला होऊन म्हणाला. "सकाळी घरामागच्या झऱ्याचं पाणी तेवढं प्यायलो."

"माझं नाक चुकत नाही, बाळा," अस्वल म्हणाले. पंचायतीचा प्रमुख हत्ती होता. त्याने जागच्या जागी निकाल दिला, "तीन उन्हाळे शर्यतीत पाय ठेवायचा नाही." साठ उन्हाळे पाहिलेल्या हत्तीला तीन उन्हाळे ते काय वाटणार? पण सशाचे उभे आयुष्यच जेमतेम सहा-सात उन्हाळ्यांचे, आणि त्यातले धावण्याचे ते किती थोडे! त्या दिवसापासून वानरांची पोरेसुद्धा त्याला 'मूळखाऊ' म्हणून चिडवू लागली. सशाने बाहेर पडणेच सोडले.

पुढच्या उन्हाळ्यात बिबट्या जिंकला, आणि त्याच्या तोंडालाही तोच वास आला. अस्वलाने तसे सांगितले. बिबट्या मिशा फेंदारून म्हणाला, "झऱ्याच्या पाण्यातून आला असेल." हत्तीने लगेच मान डोलावली. "असेल, असेल. बिबटेरावांसारखा खानदानी प्राणी खोटं कशाला बोलेल?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरे काय! बिबट्याला हार घालण्यात आला.

अस्वलाला मात्र त्या दिवशी मध गोड लागेना. बिबट्या तर तळ्याचे पाणी पितो, झऱ्याकडे तो फिरकतही नाही. मग खरोखर झऱ्याचे पाणी पिणाऱ्याचे कुणी का ऐकले नाही? अस्वल तडक सशाच्या घरामागे गेले आणि झऱ्याच्या काठाकाठाने वर चढले. वर एका साळिंदराने दर उन्हाळ्यात उकरून टाकलेली तरतरीची मुळे पाण्यात भिजत पडली होती. अस्वल खाली आले, सशाच्या जागी बसून ओंजळभर पाणी प्यायले. त्याच्या स्वतःच्याच तोंडाला हिंगासारखा वास येऊ लागला. अस्वलाला भारी लाज वाटली. तोंडात काय आहे ते नाकाने सांगितले होते. ते तिथे कसे आले, हे विचारायचे काम त्याचे होते, आणि तेच त्याने केले नव्हते.

ते धावत हत्तीकडे गेले. हत्ती म्हणाला, "बघू. पाऊस सरू दे." पाऊस सरला. "थंडी जाऊ दे. एवढी घाई कसली?" अस्वल हेलपाटे घालत राहिले, आणि दुसरा उन्हाळाही तसाच गेला. अखेर बंदीचा तिसरा उन्हाळा लागला, तेव्हा कुठे शर्यतीच्या आदल्या दिवशी हत्ती सोंडेआडून पुटपुटला, "ठीक आहे. सशावरची बंदी उठली."

अस्वल सशाच्या दाराशी गेले. ससा बाहेर आला तो हळूहळू, वयाने थकलेला, एक पाय ओढत. त्याचे कान पांढुरके झाले होते. अस्वलाने त्याला सगळे सांगितले. ससा म्हणाला, "काका, आता मला धावता येत नाही. पण मला मूळखाऊ ठरवलंत ते खडकावर चढून. मी तसा नव्हतो, हेही तिथूनच सांगाल?"

दुसऱ्या दिवशी, शर्यत सुरू होण्यापूर्वी, अस्वल त्याच खडकावर चढले आणि तेवढ्याच मोठ्याने ओरडले, "ससा निर्दोष होता! चूक माझी होती!" हत्तीने मान खाली घातली. गर्दीतून ससा लंगडत पुढे आला, शर्यतीच्या रेषेवर क्षणभर उभा राहिला, आणि बाजूला होऊन बसला. तरुण ससे धावत सुटले, तेव्हा त्याचे मागचे पाय बसल्या जागी हलत होते. ते पाहून अस्वलाला रडू आवरले नाही. तेव्हापासून तोंड हुंगले की अस्वल आधी जिंकणारा जिथे पाणी प्यायला ते पाणी पाहायला जाई आणि मगच खडकावर चढे, मग समोर ससा असो की बिबट्या.

तात्पर्य : नियम कडक असावा, पण चौकशी लहानामोठ्यांची सारखीच व्हावी, कारण चुकीची शिक्षा मागे घेता येते, तिच्यात गेलेले दिवस परत देता येत नाहीत.